शोधणाऱ्यासाठी एक, सहज पाहणाऱ्यासाठी दुसरा: लेखाचा मेटाडेटा कसा लिहावा

लेख लिहून झाला, मुद्रितशोधन झाले, छायाचित्र लागले, की ‘पब्लिश’चे बटण दाबण्याआधीची उरलीसुरली दोन मिनिटे मेटाडेटाच्या वाट्याला येतात. लेख संकेतस्थळावर चढवण्याच्या प्रणालीत, म्हणजे सीएमएसच्या पानावर, अगदी खाली ‘एसईओ टायटल’ (सर्चसाठीचे शीर्षक), ‘मेटा डिस्क्रिप्शन’, ‘सोशल इमेज’ असे रकाने असतात. त्यांत मथळा आणि इंट्रो चिकटवला जातो आणि उपसंपादक पुढच्या कॉपीकडे वळतो. वाचकाच्या बाजूने पाहिले तर हा क्रम नेमका उलटा आहे. डोंबिवलीला सकाळच्या लोकलमध्ये चढलेल्या माणसाला मोबाइलवर आधी हेच दोन-चार रकाने दिसतात, आणि लेख उघडायचा की अंगठा पुढे सरकवायचा, हे तो त्यांवरूनच ठरवतो.

मेटाडेटा ही लेखाविषयीची माहिती पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, ‘हेड’ या भागात लिहिलेली असते. पान उघडल्यावर ती वाचकाला दिसत नाही, परंतु गुगल, फेसबुक, व्हॉट्सॲप, लिंक्डइन, एक्स या सेवा ती वाचतात आणि तिच्या आधाराने लेखाची ओळख करून देतात. ही ओळख दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांना होत असते. पहिला काहीतरी शोधत आलेला असतो. त्याने स्वतः शब्द टाइप केलेले असतात आणि त्या शब्दांशी जुळणारे उत्तर या पानावर आहे का, एवढेच त्याला पाहायचे असते. दुसरा काहीच शोधत नसतो. सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेली लिंक त्याच्यासमोर आलेली असते आणि ती का उघडावी, हे त्याला कळायचे असते. एकच मजकूर दोघांना पुरत नाही. मराठी संकेतस्थळांच्या मेटाडेटात ज्या उणिवा राहतात, त्यांतल्या बहुतेक या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने राहतात, असे माझे मत आहे.

आधी लेखाचा प्रश्न ठरवावा

रकाने भरण्यापूर्वी लेख पुन्हा एकदा वाचावा आणि तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे एका वाक्यात लिहून काढावे. उदाहरण म्हणून मुंबईतल्या हिंदमाता परिसरात पावसाळ्यात पाणी का तुंबते, हे समजावून सांगणारा लेख घेऊ. त्यात त्या भागाचा बशीसारखा खोलगटपणा आला आहे, भरतीच्या वेळी समुद्राकडे जाणारा निचरा कसा अडतो ते आले आहे, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला नोंदला गेलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आला आहे, आणि प्रमोद महाजन कला पार्क व सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली महापालिकेने बांधलेल्या साठवण टाक्याही आल्या आहेत. यांपैकी २००५चा पाऊस हा संदर्भ आहे, लेखाचा प्रश्न नव्हे. तो शीर्षकात किंवा वर्णनात आणला, तर त्या दिवसाची हकिगत शोधणारा वाचक चुकीच्या पानावर येईल आणि आल्या पावली परत फिरेल. लेखाचा प्रश्न ‘हिंदमाताला पाणी का तुंबते आणि त्यावर काय केले आहे’ इतकाच आहे, आणि मेटाडेटाचा प्रत्येक रकाना याच वाक्यातून निघाला पाहिजे.

प्रश्न ठरला की लोक तो कोणत्या शब्दांत विचारतात, ते पाहावे. यासाठी महागडी साधने लागत नाहीत. संकेतस्थळ गुगल सर्च कन्सोलला जोडलेले असेल, तर तिथल्या परफॉर्मन्स अहवालात लोकांनी टाइप केलेल्या क्वेरी, म्हणजे शोधाचे शब्द, जशाच्या तशा दिसतात. गुगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून दोन पर्यायी शब्दांची तुलना करता येते. आणि गुगलच्या चौकटीत पहिले दोन शब्द टाकून थांबले, तरी पुढच्या सूचनांवरून बरेच कळते. ‘पाणी तुंबणे’, ‘पाणी साचणे’ आणि ‘जलमय’ यांपैकी ‘जलमय’ हा मथळ्यात शोभणारा शब्द आहे. माणूस टाइप करतो तो ‘पाणी तुंबले’ असाच.

मुंबईत या कामाला एक खास गुंतागुंत आहे, ती नावांची. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडले गेले. तरीही व्हीटी, सीएसटी आणि सीएसएमटी ही तिन्ही नावे आजही बोलण्यात आहेत आणि कोण कोणते टाइप करील, हे बऱ्याच अंशी त्याच्या वयावर ठरते. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, पण तिथल्या पुलाविषयी वाचायला आलेला माणूस एल्फिन्स्टनच शोधतो. अशा वेळी शीर्षकात आजचे अधिकृत नाव ठेवावे, आणि जुने नाव वर्णनात व लेखाच्या पहिल्या एक-दोन परिच्छेदांत वाक्याच्या ओघात आणावे. तिन्ही नावे शीर्षकात स्वल्पविराम देऊन ओळीने मांडू नयेत. ते वाचायलाही वाईट दिसते आणि गुगलही असे शीर्षक बदलून टाकण्याची शक्यता वाढते.

पुष्कळ मराठी वाचक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, म्हणून काही संकेतस्थळे प्रत्येक शीर्षकाला रोमन शेपूट जोडतात. मला ते पटत नाही. लेख देवनागरीत असेल तर शीर्षकही देवनागरीतच असावे. मात्र बोलण्यात रुळलेला इंग्रजी शब्द टाळू नये. ‘मेगाब्लॉक’ला प्रतिशब्द शोधत बसले, तर तो शब्द शोधणारा आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

सर्चसाठीचे शीर्षक

ब्राउझरच्या टॅबवर आणि सर्चच्या निकालात निळ्या ओळीत जे दिसते, ते ‘टायटल’ या टॅगमधून येते. पानावरचा मथळा वेगळा असू शकतो आणि अनेकदा तो वेगळा असावाच. ‘मुंबईची तुंबई! हिंदमाताचे दुखणे काही संपेना’ हा मथळा छापील अंकात छान वाटेल, कारण शेजारी छायाचित्र असते, वर तारीख असते आणि वाचक पान उघडून बसलेला असतो. सर्चच्या निकालात यांतले काहीच नसते, आणि दुखणे हा शब्द वाचून गुगलवर आलेल्याला हा लेख कारणे सांगतो, की नुसती तक्रार करतो, हेही कळत नाही. तिथे ‘हिंदमाता परिसरात पाणी का तुंबते? कारणे आणि भूमिगत टाक्यांचा उपाय’ असे सरळ शीर्षक काम करते. ठिकाणाचे नाव सुरुवातीला, प्रश्न त्याच्या मागोमाग, आणि लेखात आणखी काय आहे ते शेवटी. म्हणजे मोबाइलवर उजवीकडचा भाग कापला गेला तरी मुख्य मुद्दा राहतो. संकेतस्थळाचे नाव जोडायचे असेल तर ते सर्वांत शेवटी, एका उभ्या रेघेनंतर द्यावे.

लिहिलेले शीर्षक गुगल जसेच्या तसे दाखवीलच, अशी खात्री नसते. ऑगस्ट २०२१ पासून गुगलने शीर्षके ठरवण्याची पद्धत बदलली. टायटल टॅगबरोबरच पानावरचा मुख्य मथळा, ओपन ग्राफचे (लिंक शेअर केल्यावर दिसणारे) शीर्षक आणि इतर पानांवरून आलेल्या लिंकमधले शब्दही तो विचारात घेतो. शीर्षक फार लांब असेल, एकच शब्द पुन्हा पुन्हा आला असेल किंवा सगळ्या पानांवर तेच ते लिहिले असेल, तर तो दुसरे निवडतो. पानावरचा मथळा आणि टायटल यांचे शब्द वेगळे असले तरी आशय एकच असेल, तर बदलाची शक्यता कमी होते.

‘आज’, ‘उद्या’, ‘येत्या रविवारी’ हे शब्द शीर्षकात कधीही वापरू नयेत, हा नियम मी सर्वांत काटेकोरपणे पाळतो. मेगाब्लॉकच्या बातमीचेच पाहा. ‘उद्या मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक’ ही लिंक शनिवारी बरोबर असते. तीच पुढच्या गुरुवारी कुणीतरी ग्रुपवर टाकली, की ठाण्याहून निघणाऱ्या माणसाचा शुक्रवारचा बेत विनाकारण कोलमडतो. शीर्षकात वार, तारीख आणि महिना स्पष्ट लिहिला, की बातमी शिळी झाल्याचे न उघडताही कळते. बातमी कितीही तातडीची असली, तरी शीर्षक तिच्यापेक्षा जास्त दिवस जगते.

वर्णन

‘मेटा डिस्क्रिप्शन’ लिहिल्याने क्रमांक वर जात नाही. गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच सांगितले होते की, क्रमवारी ठरवताना तो ना ‘मेटा कीवर्ड्स’ पाहतो, ना वर्णन. त्यामुळे कीवर्ड्सचा रकाना सीएमएसमध्ये अजून दिसत असला, तर तो बिनदिक्कत रिकामा सोडावा. वर्णनाचे मात्र तसे नाही, कारण ते निकालात शीर्षकाखाली दिसू शकते आणि क्लिक मिळण्या न मिळण्यात त्याचा वाटा असतो. वर्णन वापरायचे, की लेखातलाच एखादा तुकडा दाखवायचा, हे गुगल प्रत्येक शोधाप्रमाणे ठरवतो. म्हणून लेखाची सुरुवात नीट असणे हीदेखील मेटाडेटाचीच तयारी असते.

हिंदमाताच्या लेखाचे वर्णन असे लिहिता येईल: ‘हिंदमाता चौक आजूबाजूच्या भागापेक्षा सखल आहे. दादर-परळचे पाणी तिथे कसे उतरते, भरतीच्या वेळी निचरा का अडतो आणि मैदानांखालच्या साठवण टाक्या नेमके काय काम करतात, याची नकाशासह माहिती.’ यातले पहिले वाक्य एकटे उरले तरी त्याला अर्थ आहे, आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे, कारण मोबाइलवर पुढचे वाक्य अर्धेच दिसेल. दुसऱ्या वाक्यात लेखात काय आहे ते सांगितले आहे, पण उत्तर दडवून ठेवलेले नाही. ‘नकाशासह’ हा शब्द लेखात खरोखरच नकाशा असेल तरच लिहावा.

‘जाणून घ्या सविस्तर’, ‘वाचा संपूर्ण बातमी’, ‘कारण ऐकून थक्क व्हाल’ ही वाक्ये वर्णनातून सरसकट काढून टाकावीत. ती कोणत्याही लेखाखाली चालतात, म्हणजेच या लेखाविषयी काहीच सांगत नाहीत, आणि अठरा-वीस चिन्हांची जागा मात्र खातात.

देवनागरी मोजताना

शीर्षक ६० अक्षरांचे आणि वर्णन १६० अक्षरांचे असावे, असा जो दंडक सगळीकडे सांगितला जातो, तो इंग्रजीवरून आलेला आहे आणि गुगलने अशी अक्षरसंख्या कधीच ठरवून दिलेली नाही; निकालात जागा मोजली जाते ती पडद्यावरच्या रुंदीने. देवनागरीत तर अक्षर कशाला म्हणायचे, इथपासूनच फरक आहे. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द आपल्या डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो: वि, द्या, र्थ्यां, सा, ठी. संगणकाच्या युनिकोड हिशेबात मात्र प्रत्येक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळा मोजला जातो आणि याच शब्दाची १७ चिन्हे होतात. योस्ट किंवा रँक मॅथसारख्या वर्डप्रेसच्या एसईओ प्लगइनमधली लांबी दाखवणारी पट्टी लाल झाली म्हणून घाबरून चांगले शीर्षक कापू नये. त्याच प्लगइनमधला प्रिव्ह्यू आणि हातातला मोबाइल यांवर विश्वास ठेवावा.

या मोजणीचा खरा त्रास तेव्हा होतो, जेव्हा संकेतस्थळ वर्णन आपोआप तयार करते आणि लेखाची पहिली १५० चिन्हे कापून घेते. काप जोडाक्षराच्या मध्यावर पडला, तर शेवटी ‘विद्यार्थ्‌’ असे पाय मोडलेले अक्षर लटकत राहते. डेव्हलपरला सांगावे की, मजकूर चिन्हांवर कापू नये. आधीच्या शब्दाच्या किंवा शक्य असल्यास वाक्याच्या शेवटी थांबावे. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ ही सोय अक्षरांच्या आणि शब्दांच्या सीमा ओळखण्यासाठीच आहे.

दुसरा धोका ‘किनाऱ्यावर’सारख्या शब्दांत आहे. त्यातला अर्धा ऱ् दोन पद्धतींनी टंकला जातो. एका पद्धतीत नुक्ता असलेला वेगळा र असतो, दुसरीत साध्या र आणि हलन्तानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह असते. ‘न दिसणारी चिन्हे साफ करा’ असे सांगणारा एखादा प्रोग्रॅम हे जोडचिन्ह उडवतो, आणि शीर्षकात ‘किनार्यावर’ असा शब्द उमटतो. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या फॉन्टमधून आणलेल्या मजकुराचे तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून, मग मेटाडेटा लिहायला घ्यावा. कच्चा मजकूर चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. शीर्षकात सरळ दुहेरी अवतरणचिन्ह आले आणि घरगुती बनवलेल्या टेम्प्लेटने ते नीट हाताळले नाही, तर टॅग तिथेच बंद होऊन पुढचे शब्द गळतात, म्हणून वक्र अवतरणचिन्हे वापरणे बरे.

यूआरएलमधला स्लग, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग, देवनागरीत ठेवायचा की रोमनमध्ये, यावर दोन मते आहेत आणि गुगलला दोन्ही चालतात. माझा कल रोमनकडे आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह लिंकमध्ये नऊ चिन्हांत उलगडते, त्यामुळे एकटा ‘हिंदमाता’ हा शब्द ७२ चिन्हे लांब होतो आणि फॉरवर्ड केलेल्या लिंकमध्ये टक्क्यांच्या चिन्हांची रांग लागते. वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० चिन्हांची मर्यादा असल्याने मराठीची जेमतेम २२ चिन्हे मावतात आणि उरलेले निमूटपणे गायब होतात. चार-पाच शब्दांचा रोमन स्लग एकदा ठरवावा आणि प्रसिद्धीनंतर बदलू नये. बदलावाच लागला, तर जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणारा ३०१ रीडायरेक्ट द्यावा.

ग्रुपवर दिसणारे कार्ड

लिंक शेअर केल्यावर चित्र, शीर्षक आणि एक ओळ असलेले जे कार्ड उमटते, ते ‘ओपन ग्राफ’ टॅगांवरून तयार होते. ही पद्धत फेसबुकने २०१० मध्ये आणली आणि आता व्हॉट्सॲप, लिंक्डइन, टेलिग्राम हे सगळे तीच वाचतात. चार टॅग आवश्यक मानले जातात: ‘ओजी टायटल’, ‘ओजी टाइप’, ‘ओजी इमेज’ आणि ‘ओजी यूआरएल’. लेखासाठी टाइप ‘आर्टिकल’ असतो. ‘ओजी डिस्क्रिप्शन’ ऐच्छिक असले तरी ते द्यावेच. एक्सचे स्वतःचे ‘ट्विटर कार्ड’ टॅग आहेत. ते नसतील तर शीर्षक, वर्णन आणि चित्र तो ओपन ग्राफमधून उचलतो, म्हणून तिथे मोठे चित्र हवे आहे हे सांगणारा ‘समरी लार्ज इमेज’ हा कार्डप्रकार तेवढा वेगळा लिहावा.

ओजी टायटल सर्चच्या शीर्षकाची नक्कल असू नये. ‘पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, मग पाणी हिंदमातालाच का तुंबते?’ ही ओळ गुगलवर कुणी टाइप करणार नाही, पण दर पावसाळ्यात दादर टीटीच्या बसथांब्यावर ती कानावर पडते, आणि ग्रुपवर ती वाचून माणूस थांबतो. इथे संकेतस्थळाचे नाव जोडायची गरज नाही, ते कार्डवर वेगळे येते. मात्र प्रश्न विचारला, तर लेखात त्याचे उत्तर असलेच पाहिजे, आणि तेही पहिल्या काही परिच्छेदांत. बातमी गंभीर असेल, कुणी दगावले असेल, तर अशा प्रश्नांचा मोह टाळून सरळ विधान करावे.

चित्रावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण मोबाइलवर डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. आकार १२०० बाय ६३० पिक्सेल ठेवावा. तो फेसबुकच्या १.९१ ला १ या प्रमाणाशी जुळतो आणि रुंदी १२०० असल्याने न शोधताच लेख सुचवणाऱ्या गुगल डिस्कव्हरच्या मोठ्या चित्राच्या अपेक्षेतही बसतो. डिस्कव्हरसाठी सर्च इंजिनांना सूचना देणाऱ्या रोबोट्स टॅगमध्ये ‘मॅक्स इमेज प्रिव्ह्यू लार्ज’ हे मूल्यही द्यावे लागते. व्हॉट्सॲपसाठी फाइल ६०० केबीच्या आत असावी, रुंदी किमान ३०० पिक्सेल असावी. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराकडून आलेली काही एमबीची मूळ फाइल तशीच लावली, तर कार्डवर चित्रच येत नाही आणि नेमके कारण लवकर सापडत नाही. प्रकार जेपीजी किंवा पीएनजी, आणि पत्ता ‘एचटीटीपीएस’पासून पूर्ण लिहिलेला हवा. कधी कधी व्हॉट्सॲप चित्राचा फक्त मधला चौकोन दाखवते, म्हणून महत्त्वाचा भाग मध्यावर ठेवावा.

चित्र त्या लेखाचे आणि त्या काळाचे असावे. २००५च्या पुराचे छायाचित्र यंदाच्या लेखाच्या कार्डवर लावले, तर लेखात कितीही खुलासा केला तरी ग्रुपवर ते आजचे म्हणूनच फिरते. जुने छायाचित्र लावायचेच असेल, तर त्यावर वर्ष ठळक लिहावे.

चित्रावर अक्षरे टाकायची तर ती चार-पाच शब्दांहून अधिक नसावीत. देवनागरीत रेषेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात. लहान आकारात त्या एकमेकांत मिसळतात. जाड वजनाचा, उघडा फॉन्ट घ्यावा. मुंबईच्याच एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्त’ गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतो आणि त्याची जाड वजने या कामाला चालतात. कार्डचे चित्र सर्व्हरवर प्रोग्रॅमने तयार होत असेल, तर एक चाचणी न चुकता करावी: ‘हिंदमाता’ आणि ‘विद्यार्थ्यांसाठी’ हे दोन शब्द छापून पाहावेत. चित्रे बनवणाऱ्या काही लायब्ररींना भारतीय लिप्यांची जुळणी आपणहून येत नाही. पहिली वेलांटी ह च्या आधी न येता नंतर उमटते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. पायथनच्या पिलो या चित्रे बनवणाऱ्या लायब्ररीला त्यासाठी ‘रॅक्म’ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीची जोड लागते.

फेसबुक, लिंक्डइन यांचे पाने वाचणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, पानावरचे जावास्क्रिप्ट चालवत नाहीत, म्हणून हे सगळे टॅग सर्व्हरकडून येणाऱ्या एचटीएमएलमध्येच असले पाहिजेत. ब्राउझरमध्ये दिसतात आणि कार्डवर येत नाहीत, अशी तक्रार आली, की पहिली शंका इथेच घ्यावी.

यंत्रासाठीचे उरलेले टॅग

स्कीमा ही संरचित माहितीची पद्धत गुगल, बिंग आणि याहू यांनी २०११ मध्ये मिळून सुरू केली. लेखासाठी ‘आर्टिकल’ किंवा ‘न्यूज आर्टिकल’ हा प्रकार जेसन-एलडी या यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात द्यावा आणि त्यात मथळा, चित्रे, लेखकाचे नाव, प्रसिद्धीची व बदलाची वेळ लिहावी. नावाच्या रकान्यात फक्त नाव असावे. ‘लेखिका:’ किंवा ‘विशेष प्रतिनिधी’ अशी जोड तिथे नको. वेळेबरोबर भारताचा ‘+०५:३०’ हा फरक लिहिला नाही, तर रात्री उशिरा प्रसिद्ध झालेल्या बातमीवर भलतीच तारीख दिसू शकते. पानावर जे नाही ते स्कीमात लिहू नये. प्रश्नोत्तरांचा स्कीमा सगळीकडे चिकटवण्याची पद्धत अजून दिसते, पण ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने निकालातला तो विस्तार नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरता मर्यादित केला, तेव्हा त्यात वेळ घालवण्यात हशील नाही.

पानाचा मूळ पत्ता सांगणारा कॅनॉनिकल टॅग आणि ओजी यूआरएल यांत एकच, स्वच्छ पत्ता असावा. पानाचा भाषासंकेत ‘एमआर’ असावा. तयार थीममध्ये तो इंग्रजीचा राहून जातो. गुगल भाषा मजकुरावरून ओळखतो, त्यामुळे तिथे फरक पडत नाही, परंतु स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाला मराठी उच्चार मिळतात ते या संकेतामुळे, आणि काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणेही त्यामुळेच येतात.

एआयकडून मसुदा घेताना

रोज वीस-पंचवीस लेख जाणाऱ्या डेस्कवर मसुदा एआय साधनाकडून घेणे व्यवहार्य आहे, मात्र सूचना मोघम असली तर उत्तरही मोघम येते. ‘याचा एसईओ मेटाडेटा दे’ असे म्हणण्याऐवजी पुढीलप्रमाणे सांगावे: ‘खालील मराठी लेख वाच. तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, ते आधी एका वाक्यात लिही. मग सर्चसाठी तीन शीर्षके दे. ठिकाणाचे नाव पहिल्या तीन शब्दांत असावे. ग्रुपवर शेअर करण्यासाठी वेगळी तीन शीर्षके दे. दोन वाक्यांचे वर्णन दे. पहिले वाक्य स्वतंत्रपणे अर्थपूर्ण असावे. लेखात नसलेला आकडा, नाव किंवा दावा वापरू नकोस. आज, उद्या, जाणून घ्या हे शब्द टाळ.’

आलेल्या मसुद्यात तीन गोष्टी हटकून तपासाव्यात. प्रत्येक आकडा आणि नाव लेखातल्या वाक्याशी ताडून पाहावे, कारण ‘मुंबईतील सर्वांत मोठा’ असे विशेषण लेखात नसतानाही मसुद्यात शिरते. हिंदी वळणाची मराठी वेचून काढावी. ‘च्या कारणाने पाण्याचा भराव होतो’ असे वाक्य परळमध्ये कुणी बोलत नाही. आणि चिन्हसंख्या त्या साधनालाच विचारू नये, ती स्वतंत्र मोजावी. तिन्ही शीर्षकांतले एकही पसंत पडले नाही, तर बहुतेकदा दोष लेखाच्या प्रश्नात असतो. ते एक वाक्य दुरुस्त करून पुन्हा मागावे.

प्रसिद्धीआधी आणि नंतर

लेख जाहीर होण्यापूर्वी पानाचा एचटीएमएल उघडून टायटल आणि ओपन ग्राफचे टॅग दोन-दोनदा आलेले नाहीत ना, ते पाहावे. थीम आणि प्लगइन दोघेही टॅग लिहीत असतील तर हमखास तसे होते. पान सर्चमध्ये घेऊ नका, असे सांगणारा चाचणीच्या सर्व्हरवरचा ‘नोइंडेक्स’ राहून गेला नाही ना, तेही तेव्हाच पाहावे. लेख जाहीर झाला की लिंक फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये आणि लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये टाकावी, स्कीमा गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये तपासावा, आणि व्हॉट्सॲपवर लिंक स्वतःलाच पाठवून पाहावी. व्हॉट्सॲपचे कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते. ते उमटेपर्यंत दोन क्षण थांबून मगच पाठवावे, आणि चुकीचे कार्ड एकदा गेले की त्या संदेशात ते दुरुस्त होत नाही, हे ध्यानात घेऊन मोठ्या ग्रुपवर टाकण्याआधीच ही तपासणी करावी.

हिंदमातासारखा लेख दर वर्षी मे महिन्यात पुन्हा वाचला जातो. तेव्हा लेखातली माहिती खरोखर बदलली असेल तरच बदलाची तारीख पुढे न्यावी, आणि त्याच बैठकीत सर्च कन्सोलमध्ये गेल्या पावसाळ्यातल्या क्वेरी पाहाव्यात. पान पुष्कळदा दिसले, पण उघडले गेले नाही, असे असेल तर शीर्षक व वर्णन बदलावे, यूआरएल नव्हे. ओजी टॅग बदलल्यावर डीबगरमधून ‘स्क्रेप अगेन’ करावे, नाहीतर फेसबुक जुनेच कार्ड दाखवत राहील. चित्र बदलताना फाइलचे नावही बदलावे, कारण त्याच नावावर नवे चित्र चढवले, तर साठवून ठेवलेले जुने चित्र कित्येक ठिकाणी तसेच राहते.